सर्व्हायव्हल किट सॅकमध्ये असते, पण वेळेवर हाती येत नाही : ट्रेकर्सनो, या चुका टाळा

नाशिककराला डोंगर दूर नाही. सकाळी सीबीएस बसस्थानकावरून त्र्यंबकची बस धरली की तासाभरात अंजनेरीचा फाटा येतो आणि रामशेज किल्ला तर शहराच्या वेशीवरच उभा आहे. या जवळिकीमुळेच ‘अर्ध्या दिवसाचा तर ट्रेक आहे’ असे म्हणून किट घरी ठेवण्याची सवय आपल्याला जडते. जे किट नेतात त्यांच्याकडे सहसा वस्तूंची उणीव नसते, मात्र अडचणीच्या क्षणी ती वस्तू अंगावर नसते, चालत नसते किंवा ती कशी वापरायची हे हाताला ठाऊक नसते. सोबतच्या मंडळींची किट उघडून पाहताना ज्या चुका मला वारंवार दिसल्या, त्यांविषयी येथे लिहीत आहे.

सर्वांत मोठी चूक किट कुठे ठेवले आहे याची असते. हरिहर गडाच्या कातळात खोदलेल्या उभ्या पायऱ्या चढताना दोन्ही हात कडेच्या खोबणींत गुंतलेले असतात आणि पाठीवरची फुगलेली सॅक मागे ओढते, म्हणून बरेच जण ती पायऱ्यांच्या तळाशी ठेवूनच वर जातात. सॅकबरोबर पाणी, टॉर्च, औषधे आणि शिट्टीही तळाशीच राहते. चढणारे आणि उतरणारे समोरासमोर आले की पायऱ्यांवर खोळंबा होतो, पावसाळ्यात ढग खाली उतरतात, संध्याकाळ होते आणि नेमक्या त्या वेळी माणूस वर व किट खाली अशी स्थिती होते. यावर उपाय म्हणजे किटचे दोन भाग करणे. शिट्टी, लहान टॉर्च, लायटर, ओआरएसचे एक पाकीट, मेडिकल टेप आणि स्वतःचे नेहमीचे औषध एवढ्या वस्तू कमरेच्या पाऊचमध्ये किंवा चेन असलेल्या खिशात असाव्यात, आणि जेवायला बसतानाही हा पाऊच सोडू नये. उरलेले सामान सॅकमध्ये राहिले तरी चालेल.

शिट्टी घेताना आत गोळी नसलेली घ्यावी, कारण गोळीच्या शिट्टीत पाणी किंवा चिखल शिरला की आवाज बसतो. मदतीची खूण म्हणजे एका मिनिटात सहा वेळा शिट्टी, मग एक मिनिट शांतता आणि पुन्हा सहा. ती ऐकणाऱ्याने मिनिटाला तीन शिट्ट्यांनी उत्तर द्यायचे असते. ही खूण गटातील प्रत्येकाला निघण्यापूर्वीच सांगून ठेवावी, नाहीतर दरीतून येणारी शिट्टी कोणाची तरी मौज समजून सोडून दिली जाते.

टॉर्च पेटत नाही तेव्हा

साल्हेरवरून वाघांब्याच्या बाजूने उतरताना अंधार पडला आणि मी हेडटॉर्च काढला, तेव्हा तो कोमट लागला. सॅकमध्ये बटण दाबले जाऊन तो दिवसभर आतल्या आतच जळत राहिला होता. १५६७ मीटर उंचीच्या, राज्यातील सर्वांत उंच किल्ल्यावरून आम्ही तिघे एका टॉर्चच्या उजेडात, दर वळणाला थांबत खाली आलो. तेव्हापासून निघताना मी एक सेल उलटा घालतो किंवा सेल आणि पत्रीच्या मध्ये कागदाची पट्टी सरकवून ठेवतो. बटणाला लॉक असेल तर ते वापरावे. नवा आणि जुना सेल एकत्र घालू नये, कारण जुना सेल आधी संपून गळू लागतो आणि पत्रीवर पांढरट-हिरवट थर चढतो. टॉर्च लुकलुकत असेल तर प्रथम ती पत्री खोडरबराने घासून पाहावी, पुष्कळदा दोष तेवढाच असतो. निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येतात त्या दिवसांत साधे सेल गारठ्याने मंदावतात, म्हणून राखीव सेल आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवावेत.

औषधे आणि पाणी

दुचाकीच्या डिकीत किट कायम ठेवणे सोयीचे वाटते, परंतु एप्रिल-मे महिन्यांत उन्हात उभ्या गाडीची डिकी भट्टीसारखी तापते. त्या उष्णतेत गोळ्यांचा गुण कमी होतो आणि बँडेजचा चिकटपणा जातो. दुसरी चूक म्हणजे जागा वाचवण्यासाठी गोळ्यांची पट्टी कापणे. कापताना औषधाचे नाव आणि मुदत असलेला भागच फेकला जातो आणि अंधारात हातात नुसती पांढरी गोळी उरते.

ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर पाण्यासाठी असते. ते अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतले की क्षारांचे प्रमाण दुप्पट होते आणि ते अपायकारक ठरू शकते, म्हणून आपल्या बाटलीचे माप आधीच ठाऊक असावे. गडावरच्या टाक्यातील पाण्यासाठी क्लोरीनच्या गोळ्या नेणारे बहुतेक जण गोळी टाकून लगेच पाणी पितात. पाणी आधी स्वच्छ फडक्यातून गाळून घ्यावे, गोळी किती लिटरसाठी आहे हे वेष्टनावर वाचावे आणि किमान अर्धा तास थांबावे. गढूळ पाण्यात गोळीचा बराचसा प्रभाव गाळावरच खर्ची पडतो.

सर्पदंशासाठी ब्लेड, दोरी आणि विष ओढण्याचा पंप बाळगणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की या वस्तू किटमधून आजच काढून टाकाव्यात. कापल्याने जखम आणि रक्तस्राव वाढतो, पंपाने विष निघत नाही आणि घट्ट दोरी बांधल्याने अवयव गमावण्याची वेळ येते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या आपल्याकडील चार प्रमुख विषारी सापांवर एकच संयुक्त प्रतिविष चालते आणि ते रुग्णालयातच द्यावे लागते. आपल्या हाती एवढेच असते की अंगठी, कडे, घड्याळ काढावे, हात किंवा पाय काठी व ओढणीच्या आधाराने हलणार नाही असा स्थिर करावा, रुग्णाला चालू न देता खाली आणावे आणि १०८ ला कळवावे. ओढणीसारखे मोठे कापड म्हणूनच किटमध्ये असावे. आग्या मोहोळ उठले तर तोंड-डोके झाकायलाही तेच उपयोगी पडते.

गारठा आणि आग

चंदेरी इमर्जन्सी ब्लँकेट पुष्कळांकडे असते, पण बहुतेकांनी ते कधी उलगडलेलेच नसते. इगतपुरीच्या बाजूला भर पावसात, वाऱ्यावर बसलेला भिजलेला माणूस जुलैमध्येही धोकादायकरीत्या गारठू शकतो. हे ब्लँकेट शरीराची उष्णता परतवते, स्वतः ऊब निर्माण करत नाही. त्यामुळे आधी ओले सुती कपडे बदलावेत, ओल्या कातळावर थेट न बसता सॅक किंवा दोर खाली घ्यावा, मग ब्लँकेट गुंडाळून त्याच्या कडा वाऱ्यात उडणार नाहीत अशा दाबाव्यात. घरी एकदा बादलीत हात बुडवून, ओल्या बोटांनी किटची झिपलॉक पिशवी उघडून आणि लायटर पेटवून पाहा. जे तेव्हा जमत नाही, ते डोंगरावरही जमणार नाही.

लायटर असला तरी दिवाळीनंतर वाळलेल्या गवतात तो पेटवू नये, वणवा लागू शकतो. अंजनेरीचे नाव ज्या दुर्मीळ कंदीलपुष्पाला मिळाले, ते त्याच पठारावर उगवते.

फोन

आपल्या सिमला रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीचे नेटवर्क मिळत असल्यास ११२ हा क्रमांक लागू शकतो, म्हणून रेंज नाही असे दिसताच प्रयत्न सोडू नये. फोन सुरुवातीपासून फ्लाइट मोडवर ठेवला तर बॅटरी दुपारनंतरही टिकते. पॉवर बँक नेताना केबल विसरणे ही इतकी नित्याची गोष्ट आहे की मी ती पॉवर बँकेला रबराने बांधूनच ठेवतो. घरच्यांचे क्रमांक, रक्तगट आणि चालू औषधे एका कागदावर लिहून तो लॅमिनेट करून पाऊचमध्ये ठेवावा. तशाच दुसऱ्या कागदावर गडाचे नाव, चढण्या-उतरण्याची वाट आणि परतण्याची वेळ लिहून तो घरी द्यावा, आणि वाट बदलली तर पायथ्याच्या गावात, गाडी लावली त्या घरी, निघण्यापूर्वी सांगावे.