नक्षत्रांवरून ग्रंथाचा काळ काढताना या चुका टाळा

कृत्तिका (ताऱ्यांचा एक पुंजका) पूर्वेपासून ढळत नाहीत, हे शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथातलं विधान घ्यायचं, मोबाइलवर स्टेलेरियम हे आकाश दाखवणारं अ‍ॅप उघडून वर्षं मागे न्यायची आणि ग्रंथाचा काळ जाहीर करायचा, हा उद्योग सध्या जोरात आहे. त्यात वाईट काही नाही. भारतीय ज्योतिषाचे इतिहासकार शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी हेच गणित हाताने केलं होतं. पण उत्तर शेकडो वर्षांनी हुकतं, ते बहुधा प्रश्नच चुकीचा मांडल्यामुळे.

पहिला घोळ तारा आणि विभाग यांचा. पंचांगातलं नक्षत्र म्हणजे क्रांतिवृत्ताचा (सूर्याच्या आकाशातल्या वार्षिक मार्गाचा) 13 अंश 20 कलांचा (60 कला म्हणजे 1 अंश) समान तुकडा. 'पंचांगात स्वाती आहे, मग चंद्र स्वातीपासून इतका लांब कसा?' ही तक्रार म्हणूनच फोल. स्वातीचा तारा क्रांतिवृत्ताच्या सुमारे 31 अंश उत्तरेला; चंद्र जेमतेम 5 अंश वर-खाली होतो. संपात, म्हणजे क्रांतिवृत्त विषुववृत्ताला छेदतं तो बिंदू, 72 वर्षांत साधारण 1 अंश मागे सरकतो आणि त्याबरोबर उत्तरायणाचा आरंभबिंदूही, म्हणजे एक तुकडा ओलांडायला 960 वर्षं. वेदांग ज्योतिष या प्राचीन ग्रंथात उत्तरायणाचा आरंभ धनिष्ठेच्या सुरुवातीला सांगितलाय. तुम्ही नुसतं 'धनिष्ठेत' वाचून तुकड्याचं शेवटचं टोक धरलंत, तर ग्रंथ फुकटात 960 वर्षांनी जुना होतो!

कृत्तिकांच्या बाबतीत चूक जरा सूक्ष्म आहे. नेमकं पूर्वेला उगवणं म्हणजे क्रांती (विषुववृत्तापासूनचं अंतर) शून्य. वसंतसंपात (सूर्य उत्तरेकडे जाताना ओलांडतो तो संपात) कृत्तिकांशी असणं म्हणजे भोग (संपातापासून क्रांतिवृत्तावर मोजलेलं अंतर) शून्य. कृत्तिकांचा शर (क्रांतिवृत्तापासूनचं अंतर) सुमारे 4 अंश उत्तर असल्याने या दोन गोष्टी एकाच काळी घडत नाहीत. पहिली येते इसवी सनापूर्वी 3000च्या आसपास (दीक्षितांचाही निष्कर्ष हाच), दुसरी 2300च्या सुमारास. शतपथातलं वाक्य उगवण्याच्या दिशेबद्दल आहे, तेव्हा क्रांतीच बघा. तीही त्या तारखेची, जे-2000ची (इ.स. 2000च्या स्थितीवर मोजलेली) नव्हे. शिवाय त्या काळी कृत्तिकांची क्रांती 1 अंशाने बदलायला सुमारे 180 वर्षं लागत. नुसत्या डोळ्यांनी क्षितिजावरचा एक अंश कोण पकडणार? 'इ.स.पू. 2987' असं उत्तर कुणी दिलं, तर त्यातले शेवटचे दोन आकडे सोडून द्यावेत.

अयनांशांची (नक्षत्रचक्राचा आरंभ आणि वसंतसंपात यांतल्या अंतराची) सरमिसळ टाळणं त्या मानाने सोपं. चित्रा ताऱ्यावरून आरंभ ठरवणारा चित्रापक्ष आणि रेवतीच्या ताऱ्यावरून ठरवणारा टिळक पंचांगाचा रेवतीपक्ष यांत सुमारे 4 अंशांचा फरक आहे. टिळक पंचांगात मकर संक्रांत 10 जानेवारीला येते ती यामुळेच. गणिताच्या सुरुवातीला एक पक्ष निवडा, शेवटपर्यंत तोच ठेवा.

आणि 'प्राचीन गणित प्राचीन सूत्रानेच' असा हट्ट नको. सूर्यसिद्धान्त या जुन्या ज्योतिषग्रंथातली अयनगती (संपात सरकण्याचा वेग) वर्षाला 54 विकला (60 विकला म्हणजे 1 कला), आजचं मोजमाप 50.3. गतीचं एक वेळ जमवून घेता येईल, पण तिथे संपात पूर्ण फेरी मारतच नाही. अश्विनीच्या आरंभापासून दोन्हीकडे 27-27 अंश झुलतो. कृत्तिकांचा विभाग सुरू होतो 26 अंश 40 कलांवर. म्हणजे या सूत्राने मागे गेलात तर इसवी सनापूर्वी 1300च्या सुमारास संपात कृत्तिकांच्या उंबऱ्याला शिवून परत फिरतो. टिळकांनी 1893 साली मांडलेला मृगशीर्षातला वसंतसंपात या सूत्राने कधी येणारच नाही, कितीही मागे जा.