नमुन्याची बाटली खंगाळू नका : बडोद्यातील सॅनिटरी इन्स्पेक्टरच्या पहिल्या वर्षाविषयी

सॅनिटरी इन्स्पेक्टरची पदविका घेऊन जे नव्याने रुजू होतात, त्यांना पाण्यात क्लोरिन कशासाठी घालतात हे सांगण्याची गरज नाही. पिण्याच्या पाण्याच्या 100 मिलि नमुन्यात इ. कोलाय (विष्ठेतून येणारे जंतू) आढळता कामा नये आणि ग्राहकाच्या नळाशी मुक्त (कशाशीही संयोग न झालेले) क्लोरिन लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम असावे, ही भारतीय मानक 10500 मधील कलमे मलाही तोंडपाठ होती. तरीही नोकरीच्या पहिल्याच उन्हाळ्यात माझ्या सहीनिशी असा एक अहवाल गेला, की त्याची आठवण आजही नकोशी वाटते.

आमच्या दांडिया बाजारातल्या घरी पाणी भरण्याआधी साधा तांब्यासुद्धा खंगाळून घेण्याची शिस्त होती. पदविकेच्या वर्गातही रासायनिक तपासणीचा कॅन त्याच पाण्याने दोन-तीनदा खंगाळून मगच भरावा, असे शिकवले होते आणि ते बरोबरच आहे. घरची सवय आणि वर्गातला धडा असे दोन्ही जुळल्यामुळे जंतुतपासणीची काचेची बाटलीही मी तशीच खंगाळत असे. त्या बाटलीच्या तळाशी पांढुरका, वाळलेला डाग दिसतो. मला ती धुण्यातली हयगय वाटली. प्रत्यक्षात तो क्लोरिन निष्प्रभ करण्यासाठी मुद्दाम घातलेला सोडियम थायोसल्फेट होता.

शहरातील एका तरणतलावावर मुलांचे डोळे लाल होत असल्याची आणि कान वाहत असल्याची तक्रार आली, म्हणून मी मे महिन्यात तेथे गेलो. माझे नोंदवहीत लिहिणे चालू असताना तेथील माणसाने बादलीभर ब्लीचिंग पावडर कालवून पाण्यात ओतली, आणि मी ते पाहूनही त्याचा अर्थ लावला नाही. क्लोरिन तपासणाऱ्या ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकताच नळीत गर्द पिवळा रंग आला आणि मला समाधान वाटले. बाटली दोनदा खंगाळली, भरली, पिशवीत ठेवली आणि दुपारच्या उन्हात आणखी तीन ठिकाणे उरकून चार तासांनी प्रयोगशाळेत दिली. अहवाल निर्दोष आला. तक्रारी मात्र थांबल्या नाहीत.

येथे नेमके काय घडले, हे मी थोडे लांबवूनच सांगतो. पाण्यात क्लोरिन असेल तर बाटलीत भरल्यावरही ते आपले काम थांबवत नाही. तलावाच्या पाण्यात त्या क्षणी जिवंत असलेले जंतू पिशवीतल्या चार तासांत मरून जातात आणि प्रयोगशाळा प्रामाणिकपणे सांगते, की जंतू नाहीत. थायोसल्फेट बाटलीतले क्लोरिन तत्काळ निष्प्रभ करते, त्यामुळे नमुना घेतानाची स्थिती टिकून राहते. तोच धुऊन टाकला, की आपण तलावाचे नव्हे तर बाटलीचे पाणी तपासतो. म्हणून बाटलीचे झाकण ऐन वेळीच उघडावे, तोंडाला बोट लावू नये, पाण्याखाली साधारण 30 सेंमी खोल एकाच हालचालीत ती भरावी, वर थोडी जागा ठेवावी आणि काहीही ओतून पुन्हा भरू नये. नमुना थंड ठेवणाऱ्या बर्फाच्या डब्याची टाळाटाळ करू नका. वरिष्ठ सांगोत वा न सांगोत, डबा न्याच.

प्रयोगशाळेतील ज्येष्ठ बाईंनी एकच प्रश्न विचारला होता, “बाटली खंगाळतोस की काय रे?” त्या रागावल्या नाहीत, आणि पुढच्या नमुन्याच्या वेळी स्वतःहून दोन बाटल्या जास्त दिल्या. सकाळी ब्लीचिंग पावडर पडण्याच्या आत घेतलेल्या त्या नमुन्यात कोलिफॉर्म (पाणी दूषित असल्याची खूण असणारे जंतू) भरपूर निघाले. नवख्याची चूक नमुन्यावरच उघडकीला येते आणि दुरुस्त होते, एवढा दिलासा मी देऊ शकतो. मात्र तो पहिला अहवाल फाइलीत तसाच आहे, आणि त्याच्या भरवशावर मधले काही दिवस मुले त्या पाण्यात उतरत होती.

तलावावरचा डोळे चुरचुरवणारा वास म्हणजे क्लोरिन जास्त झाल्याची खूण, असा समजही सोडून द्यावा. तो बहुधा घाम आणि लघवीतील अमोनियाशी क्लोरिनचा संयोग होऊन बनलेल्या क्लोरामाइनचा असतो. ऑर्थोटोलिडिनचा रंग उशिरा पाहिला, तर हेच संयुक्त क्लोरिन मुक्त म्हणून वाचले जाते.

परीक्षेच्या गाइडांविषयी माझे मत वाईट आहे. त्यांत मानकांचे आकडे असतात, तळाचा पांढरा डाग नसतो. उलट, पाणी सोडणारा वॉलमन हा माझ्या दृष्टीने कोणत्याही प्रशिक्षणापेक्षा मोठा गुरू. आजवा सरोवराचे पाणी निमेट्याला शुद्ध होऊन आणि मही नदीच्या पात्रातील फ्रेंच विहिरींचे पाणी वेगळ्या वाटेने शहरात येते, परंतु कोणत्या पोळीत (गल्लीत) कोणते पाणी किती वाजता पोहोचते आणि शेवटचे घर कोणते, हे त्यालाच ठाऊक असते. पाणी ठरावीक वेळीच सुटत असल्यामुळे नमुना त्या वेळेत आणि थेट नळावर घ्यावा. गच्चीवरच्या टाकीतले पाणी देणारे घरमालक आग्रहाने चहा पाजतात. चहा घ्यावा, ते पाणी मात्र नळाचा नमुना म्हणून घेऊ नये.

टाकीचीच तक्रार असेल तेव्हा गोष्ट निराळी. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचे पाणी वस्त्यांत शिरले, त्यानंतर सोसायट्यांच्या जमिनीखालील टाक्यांत लोकांनी सढळ हाताने ब्लीचिंग पावडर टाकली. इतक्या क्लोरिनपुढे नेहमीच्या बाटलीतला थायोसल्फेट पुरत नाही. त्यामुळे बाटल्या मागतानाच प्रयोगशाळेला तसे सांगावे. अशा नमुन्यांसाठी बाटल्या वेगळ्या तयार कराव्या लागतात, म्हणून निरोप आदल्या दिवशी द्यावा.