उरलेले आंबे लक्षात ठेवणारं फंक्शन: पायथनमधलं क्लोजर

देवगडच्या बागेत काढणीच्या दिवसांत आंबा खेपेखेपेने खळ्यावर येतो. दर खेपेला पेट्या भरून थोडे आंबे उरतात, ते पुढच्या खेपेत धरायचे. हा उरलेला आकडा ग्लोबल, म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमला एकच ठेवला, तर दुसऱ्या मापाच्या पेट्या सुरू होताच घोळ होतो. क्लास चालेल, पण एका आकड्यासाठी क्लास म्हणजे चार काजूबिया भाजायला भट्टी पेटवणं. त्यापेक्षा क्लोजर बरं: बाहेरच्या फंक्शनमधली किंमत लक्षात ठेवणारं आतलं फंक्शन.

खाली कीवर्ड (पायथनचे राखीव शब्द) वाचण्यापुरते देवनागरीत दिलेत. टाइप करताना ते आणि डिव्हमॉड (भागाकार आणि बाकी एकदम देणारं फंक्शन) रोमन लिपीतच हवेत. बाकीची नावं पायथन 3 ला देवनागरीत चालतात.

डेफ मोजणी(माप):
    शिल्लक = 0
    डेफ भर(आंबे):
        नॉनलोकल शिल्लक
        पेट्या, शिल्लक = डिव्हमॉड(शिल्लक + आंबे, माप)
        रिटर्न पेट्या, शिल्लक
    रिटर्न भर

शेवटच्या ओळीत 'भर'पुढे कंस नाही. आपल्याला फंक्शनच परत हवंय, त्याचं उत्तर नव्हे.

आता पाच डझनी = मोजणी(60) असं लिहायचं, फक्त नावात जागा सोडायची नाही: पाच_डझनी. पाच_डझनी(145) दिलं की 2 पेट्या, 25 शिल्लक. लगेच पाच_डझनी(50) द्या: 1 पेटी, 15 शिल्लक. मोठ्या फळासाठी चार_डझनी = मोजणी(48) केलं, तर त्याची शिल्लक शून्यापासून, अगदी वेगळी. 'मोजणी' संपली तरी 'भर' तिच्या शिल्लकेला धरून असतो, म्हणून ती मेमरीतून जात नाही.

सगळ्यात जास्त अडतं ते नॉनलोकलपाशी. ही शिल्लक बाहेरच्या फंक्शनमधली आहे, असं तो कीवर्ड सांगतो. ती ओळ विसरलात तर अनबाउंड-लोकल-एरर येते. फंक्शनमध्ये ज्या नावाला किंमत दिली जाते ते नाव पायथन त्याच फंक्शनचं समजतो, आणि हे कोड चालण्याआधीच ठरतं. मग उजवीकडची शिल्लक वाचायला जावं, तर तिला अजून किंमतच नाही. 'माप' आपण नुसतं वाचतो, त्याला नॉनलोकल लागत नाही.

एरर न येता फसवणारी चूक म्हणजे दर खेपेला मोजणी(60)(आंबे) लिहिणं. प्रत्येक वेळी नवं क्लोजर, शिल्लक पुन्हा शून्य.

लाईट गेली की मात्र शिल्लकही गेली. क्लोजर पिकल करून (पायथनच्या पद्धतीने फाइलमध्ये साठवून) ठेवता येत नाही. त्यापेक्षा 'शिल्लक = 0' ही ओळ काढून तेच पहिल्या कंसात न्या: मोजणी(माप, शिल्लक=0). दर खेपेनंतर आकडा फाइलमध्ये लिहा, आणि सकाळी मोजणी(60, 15) म्हणून पुढे चालू करा. फाइलमधून वाचलेला आकडा आधी इंटमध्ये (पूर्णांकात) बदला, नाहीतर अक्षरांत आंबे मिळवायला जाल.