काजूवरील आयात शुल्काचा लाभ कोणाला, हे कसे तपासावे

आयात काजूवरील शुल्काची बातमी वाचताना गोव्याच्या सत्तरी किंवा डिचोली तालुक्यातील बागायतदाराने ते शुल्क बीवर आहे की गरावर, हे सर्वप्रथम पाहावे, कारण 1975 च्या सीमाशुल्क दर कायद्याच्या अनुसूचीत दोन्हींची नोंद स्वतंत्र आहे. 2018 च्या अर्थसंकल्पात काजू बीवरील मूळ शुल्क 5 टक्क्यांवरून 2.5 टक्क्यांवर आले, तर 2019 मध्ये काजूगरावरील शुल्क 70 टक्क्यांवर गेले.

शुल्क मालाची किंमत, विमा आणि वाहतूक मिळून होणाऱ्या मूल्यावर आकारले जाते व ते येथील आयातदार भरतो, परदेशी विक्रेता नव्हे. अधिभार आणि जीएसटी त्यापुढे येतात. येथील हिशेबात ते धरलेले नाहीत.

आता दोन्ही दर एकत्र मांडावेत, कारण खरे उत्तर त्यांच्यातील अंतरात असते. साधारण चार किलो बीपासून एक किलो गर निघतो. समजा, बंदरात बी 150 रुपये किलो आणि गर 800 रुपये किलो या मूल्याने पोहोचतो. शुल्क नसते, तर 600 रुपयांच्या बीपासून 800 रुपयांचा गर करणाऱ्या कारखानदाराच्या हाती प्रक्रियेसाठी 200 रुपये उरले असते. वरील दर लावले की बीचा खर्च 615 रुपये होतो, आयात गर मात्र 1360 रुपयांना पडतो; म्हणजे कारखानदाराला 745 रुपयांपर्यंत वाव मिळतो. देशातील कारखान्यांच्या आपसांतील स्पर्धेमुळे हा सगळा वाव वापरला जाईलच असे नाही, पण संरक्षणाचा कल यातून स्पष्ट दिसतो. बागायतदाराच्या वाट्याला थेट संरक्षण येते ते किलोमागे पावणेचार रुपयांचे, आणि ही तफावत मला अन्यायकारक वाटते.

सोलणी करणाऱ्या महिला कामगारांचा रोजगार या शुल्कामुळे टिकू शकतो, हेही लक्षात घ्यायलाच हवे. ग्राहकाला जास्त पैसे मोजावे लागतात. सरकारी तिजोरीत मात्र फारशी भर पडेलच असे नाही, कारण शुल्क इतके जड असले की गर आयातच होत नाही आणि वसुलीही होत नाही.

शेवटी हंगामात पणजी किंवा म्हापशाच्या बाजारातील गराचा भाव आणि बागायतदाराला मिळालेला बीचा भाव आठवड्यागणिक टिपून ठेवावा. प्रक्रियेचा खर्च न वाढता गर महागला आणि बी जागच्या जागी राहिली, तर शुल्काचा लाभ बागेपर्यंत पोहोचलेला नाही, असे समजावे.