प्रश्नांची वही कॉम्प्युटरवर चढवण्याआधी

ग्रंथालयातल्या वाचकांचे प्रश्न आणि मागण्या सॉफ्टवेअरमध्ये घ्यायचं समितीत ठरलं असेल, तर पहिला महिना कॉम्प्युटरला हात लावू नका. देवघेवीच्या टेबलावर शंभर पानी वही ठेवा आणि येणारा प्रत्येक प्रश्न वाचकाच्याच शब्दांत लिहून घ्या. 'एमपीएससीचं नवं आलं का', 'पंखा लावा की जरा', 'आमच्या गावाची जुनी माहिती कुठं मिळंल', सगळं. मग रंगीत पेनानं वेगळं करा: पुस्तकाचं आरक्षण, खरेदीची शिफारस, तक्रार, संदर्भाचा (पुस्तकांत माहिती शोधून द्यायचा) प्रश्न. कोहा हे ग्रंथालयाचं मोफत सॉफ्टवेअर वापरत असाल तर पहिल्या दोन गोष्टींची सोय त्यात आहेच, त्यासाठी वेगळे पैसे घालवू नका. पंख्याचं शिपाईमामांना सांगा.

उरतात संदर्भाचे प्रश्न, आणि खरी मेहनत तिथंच आहे. उत्तर कुठल्या पुस्तकात, कितव्या पानावर सापडलं, हा रकाना सक्तीचा करा. सांगलीत कुणी ना कुणी वाळवा-तासगावकडच्या गावाचा इतिहास विचारत येतोच, आणि नवा सहकारी सांगलीचं गॅझेटिअर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ, उघडून तासभर बसतो. हे तालुके १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यात होते. मग दक्षिण सातारा झाला, सांगली हे नाव १९६० चं. म्हणून इंग्रज अमदानीतली माहिती गॅझेटिअरच्या १८८५ च्या सातारा खंडात बघायची. खुद्द सांगली आणि मिरज मात्र पटवर्धनांची संस्थानं, त्यांचा शोध वेगळा. एवढं एकदा नोंदवून ठेवलं की पुढच्या वाचकाचं काम पाच मिनिटांचं.

सॉफ्टवेअर दाखवायला माणूस आला की त्याच्यासमोर 'कऱ्हाड' शोधून बघा. आमच्याकडं एकाच प्रश्नाच्या तीन नोंदी निघाल्या होत्या. एकानं 'कराड' लिहिलेलं, ते समजण्यासारखं. बाकी दोन 'कऱ्हाड' दिसायला हुबेहूब, पण एक 'ऱ' हे अक्षर वापरून टाइप केलेलं आणि दुसरं साध्या 'र'ला हलन्त आणि न दिसणारा जोडक (अक्षरं जोडणारं छुपं चिन्ह) लावून. शोधताना एक सापडे, दुसरं नाही. जुन्या फॉन्टमधल्या याद्या असतील तर त्याही आधी युनिकोडमध्ये आणून घ्या.

प्रश्नाची अवस्था दाखवायला चार-पाच शब्द पुरेत. फक्त 'मिळालं नाही' आणि 'बंद' एकात घालू नका. पुढच्या खरेदीच्या यादीला तेच 'मिळालं नाही' उपयोगी पडतं. उत्तर दिल्यावर वाचकाचं नाव प्रश्नापासून तोडायची सोय आहे का, हेही विचारा. घटस्फोटाच्या कायद्याचं पुस्तक कोणी मागितलं, हे काउंटरच्या स्क्रीनवर गावाला दिसायचं कारण नाही.

बॅकअपची हार्डडिस्क त्याच टेबलाच्या खणात ठेवू नका. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी ४५ फूट. एक प्रत नदीपासून लांब, वरच्या मजल्यावर असू द्या, आणि ती उघडते का हे मे महिन्यातच बघा.

शेवटी, चाचणीला संध्याकाळच्या पाळीतल्या, एका बोटानं टाइप करणाऱ्या सहकाऱ्याला बसवा. एक प्रश्न नोंदवायला त्यांना दोन मिनिटांपेक्षा जास्त लागत असतील, तर निम्मे रकाने काढून टाका.