नगर परिषदेचा बांधकाम परवाना: घराची फाइल कुठे अडते आणि का

घराच्या परवान्याची फाइल टेबलावर अडते, असं सगळेच म्हणतात. बहुतेक फायली मात्र दाखल व्हायच्या आधीच अडलेल्या असतात. सातबाऱ्यावर एक क्षेत्र, मोजणीत दुसरं. नकाशात समोरचा रस्ता नऊ मीटरचा, जागेवर टेप लावला तर सहाचा. अशी फाइल कुणाच्याही ओळखीने हलत नाही. हललीच तर पुढे भोगवटा प्रमाणपत्राच्या, म्हणजे बांधलेल्या घरात राहायच्या परवानगीच्या, वेळी उलटते.

परवानगी देण्याचा अधिकार महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मधून येतो. कलम ४४ खाली अर्ज, कलम ४५ खाली निर्णय. कोणत्या मापाने मोजायचं ते डिसेंबर २०२० पासून लागू असलेली एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, म्हणजे बोलीतली ‘यूडीसीपीआर’, सांगते. मुंबई महानगरपालिका, लोणावळा, गिरिस्थान नगर परिषदा असे काही अपवाद वगळता ती राज्यभर चालते. सहीचा अधिकार मुख्याधिकाऱ्यांकडे आणि तांत्रिक छाननी नगररचना विभागाकडे असते. घराच्या परवान्यावर सर्वसाधारण सभेत मतदान होत नाही, त्यामुळे नगरसेवकाची शिफारस जोडून काही साधत नाही.

आधी जमीन, मग आर्किटेक्ट

पहिलं काम म्हणजे झोन दाखला आणि भाग नकाशा, म्हणजे विकास योजनेच्या नकाशातला आपल्या प्लॉटचा तुकडा, काढणं. प्लॉट रहिवास विभागात आहे का, त्यावर आरक्षण आहे का, विकास योजनेतला एखादा रस्ता त्यातून जातो का, हे त्यातून कळतं. हा कागद प्लॉट घेण्यापूर्वीच काढायचा असतो. लोक तो पाया खणायची वेळ आली की मागायला जातात.

दुसरं काम मोजणीचं. भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी नकाशाची ‘क’ प्रत घ्या. सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, खरेदीखत, मंजूर रेखांकन (लेआउट) आणि मोजणी या सगळ्यांतल्या क्षेत्रांत फरक निघाला तर छाननीत सगळ्यात कमी क्षेत्र धरलं जातं. खरेदीखतात जास्त लिहिलंय म्हणून जास्त मिळत नाही. मोजणीला वेळ लागतो, म्हणून प्लॅन काढायला देण्याआधीच अर्ज टाकून ठेवा.

सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’, म्हणजे शासनाच्या अटींनी बांधलेली जमीन, असेल तर आधी महसूल खात्याची परवानगी लागते. नगर परिषद ती देऊ शकत नाही. इतर हक्कांच्या रकान्यात बँकेचा बोजा असेल तर बँकेचं ना हरकत पत्र हवं, आणि वारसांची नावं लागलेली असतील तर सगळ्यांच्या सह्या किंवा कुलमुखत्यारपत्र. एका बहिणीची सही राहिली एवढ्यावर फाइल परत येते. रेखांकन मंजूर नसलेल्या गुंठेवारीच्या प्लॉटवर थेट परवाना मिळत नाही. आधी गुंठेवारी अधिनियम, २००१ खाली तो नियमित करून घ्यावा लागतो. २०२१ च्या दुरुस्तीने त्यासाठीची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली आहे, त्यानंतर पाडलेले तुकडे त्यात बसत नाहीत.

आजूबाजूलाही नजर टाका. रेल्वेची हद्द ३० मीटरच्या आत असेल तर रेल्वेचं ना हरकत पत्र लागतं. केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम होत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये पुरातत्त्व यंत्रणेची परवानगी हवी. किल्ल्याखाली वसलेल्या गावांत हा मुद्दा हमखास निघतो. नदीकाठी निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळ्या रेषेच्या मध्ये नवं घर बसत नाही. दोन रेषांमधल्या प्लॉटवर जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर उंच ठेवावं लागतं. प्लॉटवरून ११ केव्हीची तार जात असेल तर बांधकामापासून उभं अंतर ३.७ मीटर आणि आडवं १.२ मीटर हवं. ३३ केव्हीला आडवं अंतर २ मीटर. गच्चीवरच्या जिन्याची टोपी या हिशेबातून निसटते, आणि तारेच्या सगळ्यात जवळ तीच असते.

एका प्लॉटचा हिशेब

खरेदीखतात दोन गुंठ्यांच्या हिशेबाने २०० चौ.मी. लिहिलेला एक प्लॉट घेऊ. मोजणीत तो १२ बाय १६, म्हणजे १९२ चौ.मी. निघाला. रस्ता रुंदीकरणात पुढची एक मीटरची पट्टी जाते, म्हणजे १२ चौ.मी. वजा. हाती राहिले १८० चौ.मी.

प्लॉटच्या क्षेत्राच्या किती पट बांधकाम करता येतं ते एफएसआय सांगतो. दाट वस्तीबाहेर नगर परिषद हद्दीत मूळ एफएसआय १.१ आहे. १८० × १.१ = १९८ चौ.मी. जिना, बाल्कनी, पॅसेज हे पूर्वी वगळले जायचे; आता बाहेरच्या भिंतीच्या कडेने पी-लाइन काढून आतलं सगळं मोजतात. त्याच्या भरपाईसाठी रहिवासी वापराला ६० टक्क्यांपर्यंत अनुषंगिक (जोडीचा) एफएसआय अधिमूल्य, म्हणजे प्रीमियम, भरून मिळतो. इथे तो ११८.८ चौ.मी. होतो. कागदावर एकूण ३१६.८ चौ.मी.

आता सामासिक अंतरं, म्हणजे घराभोवती मोकळी सोडायची जागा. तुमच्या रस्त्याला आणि प्लॉटच्या आकाराला लागू असलेला तक्ता पाहूनच ती घ्यायची. उदाहरणापुरतं समोर ३ मीटर आणि उरलेल्या तिन्ही बाजूंना दीड मीटर धरू. १२ बाय १५ मधून ९ बाय १०.५ उरतं, म्हणजे मजल्याला ९४.५ चौ.मी. तळ अधिक दोन मजले केले तर २८३.५ चौ.मी. होतात. एफएसआय शिल्लक आहे, जागा शिल्लक नाही. म्हणजे मूळ १९८ वर फक्त ८५.५ चौ.मी. चं अधिमूल्य भरायचं. शीघ्रसिद्ध गणकात (सरकारी दरतक्ता, रेडी रेकनर) जमिनीचा दर ५,००० रुपये चौ.मी. आणि अधिमूल्याचा दर १० टक्के धरला तर ते ४२,७५० रुपये होतं. पूर्ण ६० टक्के ‘घेऊन ठेवू’ म्हटलं तर ५९,४०० रुपये. वरचे १६,६५० रुपये वाया जातात, कारण ते क्षेत्र बांधायला प्लॉटवर जागाच नाही.

विकास शुल्क वेगळं. रहिवासी वापराला जमिनीच्या क्षेत्रावर गणकातल्या जमीन दराच्या ०.५ टक्के आणि बांधकामाच्या क्षेत्रावर त्याच दराच्या २ टक्के. याच प्लॉटला जमिनीचे (मोजणीतल्या १९२ चौ.मी. वर) ४,८०० आणि बांधकामाचे २८,३५० रुपये. त्यावर छाननी शुल्क, बांधकाम खर्चावर १ टक्का कामगार कल्याण उपकर आणि स्थानिक अनामत रकमा येतात. चलन हाती आलं की कोणत्या वर्षाचा दर लावलाय ते आधी बघा. दरवर्षी १ एप्रिलच्या सुमारास गणक बदलू शकतो, आणि मार्चअखेर रखडलेली फाइल महाग पडते.

लहान प्लॉटची सवलत

१५० चौ.मी. पर्यंतच्या प्लॉटवर नियमात बसणारं लहान घर असेल तर छाननी होऊन परवाना येण्याची वाट पाहावी लागत नाही. परवानाधारक तंत्रज्ञाच्या सहीचे नकाशे आणि शुल्क दाखल केल्याची पोच हीच परवानगी मानली जाते. १५० ते ३०० चौ.मी. ला दहा दिवसांत मंजुरी द्यायची असते. वरचा १९२ चौ.मी. चा प्लॉट या दुसऱ्या गटातला. ‘परवानगीच लागत नाही’ असा याचा गावभर झालेला अर्थ धोक्याचा आहे. सामासिक अंतर, उंची, पार्किंग यांतला एकही नियम माफ झालेला नाही; तपासायचं काम तेवढं कार्यालयाकडून तंत्रज्ञाकडे आणि मालकाकडे आलं आहे. नकाशा चुकला तर पोचपावती असूनही बांधकाम अनधिकृत ठरतं.

अर्ज आणि त्रुटी पत्र

अर्ज ऑनलाइन प्रणालीतून जातो. आर्किटेक्ट किंवा परवानाधारक अभियंत्याच्या लॉगिनवरून कॅडमधला नकाशा चढवतात आणि संगणक तो आधी तपासून अहवाल देतो. इथे पहिली गळती होते. प्लॉटच्या रेषा एकमेकींना नीट जुळलेल्या नसतात, जिना चुकीच्या लेयरवर असतो, खिडकीला नाव दिलेलं नसतं. त्या अहवालातली ‘नापास’ ओळ मालकानेही मागून वाचावी. तंत्रज्ञ चारदा नकाशा चढवतो आणि मालकाला ‘ऑफिसात पेंडिंग आहे’ एवढंच कळतं.

संगणकाने पास केलं तरी जागेची पाहणी होते. पाहणीला येणारा माणूस प्रथम रस्त्यावर टेप लावतो, मग चारी कोपरे बघतो. मोजणीचे दगड झाडोऱ्यात गेलेले असतील तर आदल्या दिवशी साफ करून त्यांना चुना लावा. जुनं घर उभं असेल तर नकाशात ते पाडायचं म्हणून पिवळ्या रंगात दाखवलेलं हवं, प्रस्तावित काम लाल. आवारातलं झाड तोडायचं असेल तर १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वेगळा अर्ज लागतो. झाड आधी तोडून मग अर्ज केला तर दंडाचं प्रकरण वेगळं सुरू होतं.

त्रुटी पत्राला तुकड्यातुकड्याने उत्तर देऊ नका. पत्रात सात मुद्दे असतील तर सातही मुद्द्यांचं क्रमवार उत्तर, प्रत्येकापुढे जोडलेल्या कागदाचं नाव, आणि दाखल केल्याची तारीखवार पोच. याला कारण आहे. कलम ४५ (५) प्रमाणे अर्ज किंवा मागवलेल्या माहितीचं उत्तर मिळाल्यापासून ६० दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असं मानलं जातं. अर्धवट उत्तर दिलं की पुन्हा पत्र येतं आणि दिवस नव्याने मोजले जातात. तोंडी सांगितलेल्या त्रुटींची कुठेच नोंद राहत नाही, तेव्हा ‘लेखी द्या’ असं नम्रपणे पण प्रत्येक वेळी म्हणा.

या मानीव परवानगीवर विसंबून कुदळ मारू नका. प्रस्ताव नियमावली आणि विकास योजनेशी तंतोतंत जुळत असेल तरच ती टिकते. दीड मीटरच्या जागी १.४० निघालं की ती नाहीशी होते आणि हाती अनधिकृत बांधकामाची नोटीस राहते. ६० दिवस झाले की मुख्याधिकाऱ्यांना लेखी कळवा आणि सेवा हक्क कायदा, २०१५ खाली ३० दिवसांच्या आत पहिलं अपील करा. फाइल कोणाकडे किती दिवस होती हे माहिती अधिकारात १० रुपयांत मागता येतं. फाइलची पाहणी मागा. टिपणीचं पान वाचलं की खरं कारण सापडतं.

नकार आला तर

नकाराच्या आदेशात कारणं लिहिणं कायद्याने बंधनकारक आहे. ‘नियमात बसत नाही’ एवढंच लिहिलेलं असेल तर कोणता नियम, किती अंतर कमी, हे लेखी विचारा. आदेश कळल्यापासून ४० दिवसांत कलम ४७ खाली राज्य शासनाकडे अपील करता येतं. सामासिक अंतर किंवा पार्किंग कमी असल्याचा नकार असेल तर अपिलात वेळ घालवण्यात हशील नाही. नकाशा दुरुस्त करून नवा अर्ज टाका, तो लवकर होतो. नियमाचा अर्थच चुकीचा लावला असेल, उदाहरणार्थ अस्तित्वात नसलेल्या रस्त्याची रुंदी धरली असेल किंवा चुकीचा विभाग दाखवला असेल, तेव्हा अपील करावं.

परवाना आल्यावर

प्रारंभ प्रमाणपत्रावरच्या, म्हणजे हाती आलेल्या परवान्यावरच्या, अटी कुणी वाचत नाही, आणि भोगवट्याच्या वेळी त्याच एकेक करून समोर येतात. परवान्याची मुदत एक वर्ष असते. दरवर्षी अर्ज करून ती तीन वेळा वाढवता येते, म्हणजे एकूण चार वर्षं. तोपर्यंत काम जोत्याच्या पातळीपर्यंतही आलं नसेल तर नवी परवानगी लागते.

सगळ्यात मोलाचा टप्पा जोत्याचा. जोतं झालं की वरचं काम थांबवून जोते प्रमाणपत्र घ्या. आखणी करणारा मिस्त्री दोरी बाहेरच्या कडेला धरतो की भिंतीच्या मध्यावर, एवढ्यावर प्रत्येक बाजूला अर्ध्या भिंतीचा, नऊ इंची भिंतीला साधारण ११ सें.मी. चा फरक पडतो. वर गिलावा आला की दीड मीटरचं अंतर १.३७ वर येतं. जोत्याला हे सापडलं तर बीम सरकवून सुटतं, स्लॅब पडल्यावर सुटत नाही. म्हणून नकाशातच दोन-चार इंच जास्त सोडलेले बरे.

आतली भिंत हलवणं वेगळं आणि बाल्कनी बाहेर काढणं, जिना फिरवणं वेगळं. घराची बाहेरची रेषा बदलणार असेल तर काम करण्यापूर्वी सुधारित परवानगी घ्या.

घर पूर्ण झालं की तंत्रज्ञाचा पूर्णत्व दाखला आणि संरचना अभियंत्याचं स्थैर्य प्रमाणपत्र जोडून भोगवटा प्रमाणपत्र मागा. लोक घरपट्टीची पावती दाखवून म्हणतात, परिषदेने कर घेतला म्हणजे घर मान्य झालं. करआकारणी अनधिकृत घराचीही होते, वर शास्तीही लागते. ती पावती म्हणजे परवानगी नव्हे. कर्जाचा शेवटचा हप्ता, पुढची विक्री, वरच्या मजल्याचा नवा परवाना, सगळीकडे भोगवटा प्रमाणपत्र मागितलं जातं. मंजूर नकाशाचा संच, चलनं, जोते प्रमाणपत्र आणि भोगवटा एकत्र लॅमिनेट न करता जपून ठेवा. लॅमिनेट केलेल्या प्रतीवर साक्षांकनाचा शिक्का बसत नाही.