पाणबुडीचा सेवा-इतिहास कसा लिहावा: 'एई-2'च्या आधारे

शाळेच्या प्रदर्शनासाठी असो की दिवाळी अंकासाठी, पहिल्या महायुद्धातल्या पाणबुडीचा इतिहास जळगाव-नंदुरबारला बसूनही चोख लिहिता येतो. बरीचशी कागदपत्रं आता फोनवर दिसतात. गाडी अडते ती तारखांपाशी. धुळ्याच्या राजवाडे मंडळातली दप्तरं ज्यांनी चाळली आहेत, त्यांना अस्सल पत्र आणि बखर यांतला फरक माहीत असतो. इथे तीच नजर लागते. लॉगबुक, म्हणजे बोटीवरची रोजची नोंदवही, त्या त्या दिवशी लिहिलं जातं, आठवणी मागाहून.

एक लांब वही आडवी धरून पाच रकाने आखा: तारीख-वेळ, ठिकाण, काय घडलं, कोण सांगतं, आणि त्याने ते कधी लिहिलं. पाचवा रकाना गाळायचा मोह होतो, पण सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच. ऑस्ट्रेलियन नौदलाच्या 'एई-2'चा कमांडर स्टोकर 1915 मध्ये पकडला गेला आणि युद्ध संपेपर्यंत तुर्कांच्या कैदेत होता. त्याची सविस्तर हकिगत सुटकेनंतरची आहे. ती खोटी नव्हे, पण तिच्यातल्या घड्याळी वेळा लॉगबुकाइतक्या पक्क्या धरू नका. ब्रिटिश पाणबुड्यांची लॉगबुकं लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात 'एडीएम 173' या मालिकेत आहेत. शोध तिथून सुरू करा.

पहिल्या ओळी जन्माच्या. 'एई-2' इंग्लंडमध्ये बॅरोच्या व्हिकर्स गोदीत बांधली गेली, 18 जून 1913 ला पाण्यात सोडली आणि 28 फेब्रुवारी 1914 ला नौदलात दाखल झाली. जलावतरण आणि दाखल होणं यांची सरमिसळ नेहमी होते, म्हणून दोन्ही वेगळ्या ओळींत लिहा. दुसरी गफलत जोडीदारणीमुळे होते. 'एई-1' त्याच दिवशी दाखल झाली, पण 14 सप्टेंबर 1914 ला न्यू गिनीच्या बाजूला सगळ्या 35 जणांसह बेपत्ता झाली आणि डिसेंबर 2017 मध्ये सापडली. फोटो घेताना बुरुजावरचा (बोटीच्या पाठीवरच्या उंच भागावरचा) क्रमांक पाहिल्याशिवाय नाव देऊ नका.

मापं मूळ एककात लिहा, रूपांतर कंसात. 'एई-2' ज्या वर्गातली, त्या ब्रिटिश ई-वर्गाची लांबी 181 फूट (सुमारे 55 मीटर), वजन पाण्यावर 667 टन आणि पाण्याखाली 807 टन. हा ब्रिटिश टन 1016 किलोचा. वेग नॉटमध्ये असतो. एक नॉट म्हणजे ताशी 1.852 किलोमीटर.

पोर्ट्समाउथ ते सिडनी प्रवास (2 मार्च ते 24 मे 1914) दोन ओळींत उरका. जागा राखायची ती डार्डनेल्ससाठी, म्हणजे भूमध्य समुद्राकडून मार्माराच्या समुद्रात नेणाऱ्या तुर्की सामुद्रधुनीसाठी. 24 एप्रिल 1915 चा पहिला प्रयत्न पुढच्या हायड्रोप्लेनचा (बोट वर-खाली वळवणाऱ्या पंखाचा) सांधा तुटल्याने सोडावा लागला. 25 एप्रिलच्या पहाटे ती पुन्हा सामुद्रधुनीत शिरली आणि मार्माराच्या समुद्रापर्यंत पोचणारी दोस्त राष्ट्रांची पहिली पाणबुडी ठरली.

इथे पाण्याचं गणित समजून घ्या, नाहीतर पुढची घटना नुसती दुर्दैव वाटेल. वरच्या थरात काळ्या समुद्राकडून येणारं कमी खारट पाणी असतं, खाली भूमध्य समुद्राचं जड पाणी. घनतेत एक टक्का फरक पडला तरी 807 टनांच्या बोटीच्या उचलीत सुमारे 8 टनांचा फरक पडतो. हलक्या पाण्यात नीट तोललेली बोट जड पाण्यात शिरली की वर फेकली जाते. टाक्यांत पाणी घेऊन तोल साधावा, तर पुन्हा हलक्या पाण्यात ती दगडासारखी खाली जाते. 30 एप्रिलला 'एई-2' अचानक वर आली, ती 'सुलतानहिसार' या तुर्की टॉर्पेडो-बोटीच्या नजरेसमोर. बुडी मारल्यावर ती मर्यादेपलीकडे खोल गेली, टाक्यांतलं पाणी हवेने बाहेर फेकल्यावर पुन्हा वर उसळली आणि तोफगोळे इंजिनघरात घुसले. स्टोकरने माणसं बाहेर काढून ती स्वतःच बुडवली. 'काय घडलं'च्या रकान्यात कारण म्हणून 'घनतेतला फरक, संभाव्य' एवढंच लिहा.

तुर्की कागदांत तारीख रूमी पंचांगाची, म्हणजे उस्मानी सरकारी पंचांगाची असते. त्या काळात 13 दिवस मिळवा: 12 निसान 1331 म्हणजे 25 एप्रिल 1915. वेळेचा घोळ वेगळाच, कारण उस्मानी घड्याळात दिवस सूर्यास्तापासून मोजत. दोन बाजूंच्या वेळा जुळल्या नाहीत तर सरासरी काढू नका. दोन्ही वेळा नावानिशी द्या.

शेवटच्या ओळी खलाशांच्या ठेवा: सगळे जिवंत पकडले गेले, चौघे कैदेत वारले. मग 1998 ची ओळ, बोट 73 मीटर खोलीवर सापडल्याची. वही दुसऱ्या कुणाला देऊन फक्त तारखेचा रकाना खालून वर वाचून घ्या. उलट वाचताना चुकलेलं वर्ष चटकन खटकतं.